गग्ग भिक्खूचा ठराव आणि आमचा संसार

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा त्यात ‘आपली जीवनातील वाटचाल लिहावी’ अशी सूचना होती. अशा लेखांचा साचा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वसतिगृहातील पत्र्याची पेटी, पहाटेची घंटा, गुरुजींचा धाक, मग नोकरी, घर, मुलांचे शिक्षण आणि अखेरीस शाळेचे ऋण. यांतले सर्व आमच्याही वाट्याला आले आहे. परंतु आमच्या वाटचालीत सोळा वर्षांपासून आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी आपल्या समाजात सहसा बोलले जात नाही, आणि बोलले गेलेच तर आवाज खाली आणून. आम्हां पतिपत्नींपैकी एकास द्विध्रुवीय मनोविकार आहे. डॉक्टर त्यास बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. आम्ही दोघेही याच शाळेचे विद्यार्थी, दोघेही शिंदखेडा तालुक्यात नोकरीस, दोन मुलांचे आईवडील. आजार दोघांपैकी कोणास आहे हे येथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ठाऊक आहेच. इतरांनी पुढच्या मेळाव्यात आमच्यापैकी एकाच्याच चेहऱ्याकडे निरखून पाहू नये, एवढाच हेतू.

या आजारात मन दोन टोकांकडे जाते. एका टोकास उन्माद. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरीही थकवा वाटत नाही, विचार एकमेकांना ढकलत धावतात, बोलणे थांबत नाही, हातातला पैसा उडतो, आपल्याला काहीही अशक्य नाही अशी खात्री वाटू लागते. दुसऱ्या टोकास नैराश्य. अंथरुणातून उठणे, आंघोळ करणे, मुलाच्या साध्या प्रश्नाला उत्तर देणे हेही जड होते आणि पुष्कळदा जगण्याचीच इच्छा उरत नाही. उन्मादाचा काळ आठवड्यांत मोजावा लागतो, नैराश्याचा बहुधा महिन्यांत. या दोहोंच्या मध्ये, औषध नियमित असेल तर विशेषच, मोठा सपाट काळ असतो. काहींच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे टिकतो. त्या काळात तो माणूस वर्ग घेतो, हिशेब लिहितो, दुकान चालवतो, भाकरी थापतो, मुलांचा अभ्यास घेतो. लोकांच्या स्मरणात मात्र ते तीन आठवडेच राहतात. गावात एकदा ‘येडा व्हयी गया’ असे कोणाच्या तोंडून निघाले की पुढच्या दहा वर्षांची नोकरी, फेडलेले कर्ज आणि वाढवलेली मुले यांनीही तो शब्द पुसला जात नाही. आमचे म्हणणे याच अन्यायाविषयी आहे, आणि त्यावरचा उपाय आपल्याच परंपरेत लिहून ठेवलेला आहे असे आम्हांला वाटते.

विनयपिटकातील ‘महावग्गा’त उपोसथाच्या प्रकरणात गग्ग नावाच्या एका भिक्खूची हकीकत येते. गग्ग उन्मत्त झाला होता. उपोसथास सीमेतील सर्व भिक्खू एकत्र यावेत असा नियम. गग्गाला कधी उपोसथाची आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. त्याच्यावाचून विधी करावा तर संघ अपुरा, त्याची वाट पाहावी तर सर्वांचे अडलेले. तथागतांनी यावर संघाला रीतसर ठराव करावयास सांगितले. गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघ त्याच्यासह किंवा त्याच्याविना उपोसथ करील, असा त्या ठरावाचा आशय. यालाच उन्मत्तकाची संमती म्हणतात.

‘चुल्लवग्गा’त पुढची हकीकत आहे. गग्ग बरा झाला. उन्मादात त्याच्या हातून भिक्खूला न शोभणारे बरेच काही घडले होते, आणि बरा झाल्यावर काही भिक्खू त्याला त्यावरून पुन्हा पुन्हा टोचत. आपण तेव्हा भानावर नव्हतो, आपल्याला ते आठवत नाही, असे तो सांगे. तरी ते थांबत ना. तेव्हा त्याला ‘अमूळ्हविनय’ देण्यात आला, म्हणजे उन्मादात घडलेल्या गोष्टींचा दोष भानावर आलेल्या माणसावर ठेवावयाचा नाही असा संघाचा निर्णय. त्याची पळवाट होऊ नये म्हणून अटीही घातल्या आहेत. ज्याला आठवते आहे आणि तरी जो आठवत नाही म्हणतो, त्याला हा निर्णय लागू नाही.

पटाचारेची कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे. शोकाने भान हरपलेल्या त्या स्त्रीला लोक हाकलीत असताना तथागतांनी जवळ येऊ दिले, हे ऐकताना डोळे ओले होतात. गग्गाची हकीकत मात्र कोणी सांगत नाही, कारण तिच्यात डोळे ओले होण्यासारखे काही नाही. ती कार्यालयाच्या इतिवृत्तासारखी कोरडी आहे. आम्हांला तिचा हा कोरडेपणाच मोलाचा वाटतो. गग्गाला संघाबाहेर काढले नाही, त्याला काही झालेच नाही असेही कोणी भासवले नाही, आणि त्याच्यासाठी संघाचे कामही थांबवले नाही. आजारी माणूस आणि त्याचा समूह यांच्यात एक उघड करार झाला. नोकरीत आणि संसारात या आजारासह राहायचे तर नेमके हेच लागते, हे आम्ही सोळा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

नोकरीचे आधी पाहू. पहिल्या मोठ्या आजारपणानंतर आम्ही रजेच्या अर्जास जे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले त्यावर मनोविकार विभागाचा शिक्का होता. कागद बंद पाकिटातून गेला. आठ दिवसांत त्यातील मजकूर चहाच्या टपरीवर पोचला, आणि त्यानंतर त्या कार्यालयातील प्रत्येक मतभेदाचे उत्तर एकच होते, ‘गोळी घेतली नाही वाटतं आज.’ कार्यालयाचे नाव लिहीत नाही; ते कोणतेही असू शकले असते. पुढे बदली झाली तेथील साहेबांनी दार लावून एवढेच विचारले, ‘तुम्हांला काय सोयीचं पडेल, ते सांगा.’ सलग रात्री जागाव्या लागतील असे काम नको, रक्ततपासणीसाठी तीन महिन्यांतून एक दिवस मोकळा मिळावा, आणि हातातल्या कामाची नोंद अशी ठेवू की दुसऱ्याने ती उद्या उचलता यावी. एवढीच आमची मागणी होती. मतदान केंद्रावरील मुक्कामाऐवजी त्यांनी निवडणुकीचे दिवसाचे काम दिले. त्या वर्षांत आम्ही कोणाहून कमी काम केलेले नाही. साहेबांनी उपकार केला असे आम्ही मानत नाही, त्यांनाही तसे वाटले नसावे.

कायदाही आता हेच म्हणतो, आणि तो आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांनी आवर्जून वाचावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. दिल्लीत न्यायिक सेवेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका उमेदवाराला हाच बायपोलर आजार होता आणि म्हणून त्याची नेमणूक नाकारली गेली होती. उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नेमणुकीचा मार्ग मोकळा केला. ज्या आजाराचा माणूस न्यायासनावर बसू शकतो, त्या आजाराच्या माणसाला पतपेढीच्या काउंटरवर किंवा फळ्यासमोर उभे राहता येणार नाही, असे कोणी सांगू नये.

आता आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या घरांतून भगत आणि गंडेदोरे गेले, बावीस प्रतिज्ञांचा तो मोठाच लाभ आहे. पण त्यांच्या रिकाम्या जागेवर दुसरा एक सल्ला येऊन बसला आहे. ‘गोळ्यांची सवय लागते, त्या सोडा आणि विपश्यनेला जा.’ हे सांगणारी माणसे प्रेमाची आणि शिकलेलीही असतात, म्हणूनच त्यांचा सल्ला अधिक धोक्याचा. इगतपुरीच्या परंपरेतील शिबिरांच्या नियमपत्रिकेतच लिहिलेले आहे की ध्यान हे औषधोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी अशा शिबिराची शिफारस केली जात नाही. प्रवेश अर्जात आजाराविषयी विचारले जाते ते याचसाठी. तो प्रश्न चुकवून आणि गोळ्या घरी ठेवून कोणाला दहा दिवसांच्या मौनात पाठवणे ही धम्मसेवा नव्हे. ‘अंगुत्तरनिकाया’त शरीराचा रोग आणि मनाचा रोग असे रोगाचे दोन प्रकार सांगून, शरीराने शंभर वर्षे निरोगी असलेला मनुष्य एकवेळ सापडेल, पण मनाने क्षणभरही निरोगी असलेला क्षीणास्रवांखेरीज सापडणे कठीण, अशा आशयाचे वचन आहे. ते वाचल्यावर मनाच्या आजाराची लाज बौद्धाने का बाळगावी, हे आम्हांला उमगत नाही.

औषधाविषयी चार गोष्टी, कारण त्या खानदेशात विशेष महत्त्वाच्या आहेत. या आजारावरचे सर्वांत जुने आणि आजही पहिल्या पंक्तीचे औषध म्हणजे लिथियम, एक साधे क्षार. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादाच्या दहा रुग्णांवरील त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वस्त आहे, जिवाचा धोका घटवते. पण त्याची रक्तातील मात्रा एका अरुंद पट्ट्यात राखावी लागते. कमी झाली तर उपयोग नाही आणि वाढली तर विषबाधा. घाम, जुलाब, उलटी यांनी अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि मात्रा चढते. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या पत्रकात याला एक ओळ असते. वैशाखात ४४ अंशांच्या उन्हात कपाशीसाठी रान तयार करणाऱ्या माणसाला मात्र ती ओळ म्हणजे जीवनमरण. हात जास्त थरथरणे, पाय लटपटणे, जीभ जड होणे, गुंगी, सतत उलट्या, यांपैकी काही दिसले तर ‘ऊन लागलं’ म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नये. दवाखाना गाठावा आणि लिथियम चालू असल्याचे आधी सांगावे. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या ब्रुफेनसारख्या गोळ्यांनीही मात्रा वाढते. रक्तदाबासाठी कोणी एकाएकी मीठ तोडायला सांगितले तरी हेच. आमच्या घरी मार्च लागला की माठाशेजारी तांब्या मोजूनच ठेवला जातो.

दुसरी गोष्ट निदानाची. हा आजार पुष्कळांच्या बाबतीत आधी नैराश्याच्या रूपाने येतो. डॉक्टरला त्या वेळचे रडणे आणि न उठणे दिसते. वर्षापूर्वीचे ते जागरणाचे, खरेदीचे, मोठ्या बेतांचे दिवस कोणी सांगत नाही, कारण घरच्यांना तो आजार वाटलेलाच नसतो. मग नैराश्याचीच गोळी एकटी चालू होते आणि काही रुग्ण तिने उन्मादात जातात. म्हणून डॉक्टरकडे जाताना सोबत घरचे कोणी असावे आणि मागच्या चांगल्या दिवसांची हकीकतही सांगावी.

तिसरी झोपेची. या आजारात झोप मोडणे हे कित्येकदा उन्मादाचे लक्षण असते आणि कारणही. पिट्सबर्ग विद्यापीठातील एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उठणे, जेवणे, काम, झोप यांच्या वेळा पक्क्या ठेवण्यावर आधारलेली एक उपचारपद्धतीच विकसित केली. तिच्याविषयी प्रथम ऐकले तेव्हा आम्हां दोघांना हसू आले. पाचची घंटा, सातला न्याहारी, रात्री दहाला दिवे बंद. हा उपचार आपण सर्वांनी वसतिगृहात वर्षानुवर्षे फुकट घेतला आहे! त्या घंटेला तेव्हा दिलेल्या शिव्या आम्ही परत घेतो. आज आमच्या घरी दहाला दिवे बंद होतात, पाहुणे असले तरी. १४ एप्रिलच्या आधीच्या रात्री वस्तीत कमानी आणि मिरवणुकीच्या तयारीची लगबग असते, सगळे जागे असतात. आमच्यापैकी एक त्या रात्री घरी झोपतो आणि सकाळी वंदनेला पहिल्या रांगेत असतो. कार्यकर्त्यांना हे माहीत आहे, आणि आता कोणी बोलावणे पाठवीत नाही. हाही गग्गाचाच ठराव.

चौथी गोष्ट घरातील लेकी-सुनांची. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजाराच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. जागरण असते आणि शरीरात मोठे बदल होत असतात. पहिलटकरीण माहेरी असते. तिचा आजार सासरी ठाऊक नसतो किंवा माहेरच्यांनी तो लपवलेला असतो, आणि गोळ्या गुपचूप बंद केलेल्या असतात. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला बाधक आहे हे खरे, परंतु त्यावर उपाय म्हणजे दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलणे. मनाने सोडणे नव्हे. ‘लग्न केलं की ठीक होईल’ म्हणून जुळवलेल्या सोयरिकी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांत दोन्ही घरे फसतात, आणि भोगते ती बहुधा सून.

घरातला आमचा करार लेखी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात अशा कागदाची तरतूद आहे. माणूस भानावर असताना, पुढे आजार उलटला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे आगाऊ लिहून ठेवू शकतो. आमच्या कागदात कायद्याच्या बाहेरचीही काही कलमे आम्ही घातली आहेत. सलग दोन रात्री झोप चार तासांच्या आत गेली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन, वाद न घालता. पाच हजारांवरच्या खर्चाला दोघांच्या सह्या. कापसाचे पैसे येतात त्या दिवसांत एटीएम कार्ड दुसऱ्याकडे. आजारात बोललेला शब्द बरे झाल्यावर भांडणात काढायचा नाही. हे शेवटचे कलम पाळणे सर्वांत अवघड जाते. उन्मादात माणूस जिवलगाला फार जिव्हारी बोलतो, आणि ऐकणाऱ्याला काहीच विसरता येत नाही. अमूळ्हविनय हा अडीच हजार वर्षांपूर्वी संघाला द्यावा लागला; आमच्या घरात तो दर वेळी नव्याने द्यावा लागतो.

मुलांना आम्ही आजाराचे नाव सांगितले आहे. मोठी आठ वर्षांची असताना सांगितले, धाकट्याला त्याहून लवकर. तुमच्यामुळे हे झालेले नाही, तुम्हांला ते बरे करायचे नाही, आणि घरात भीती वाटली तर काकांना फोन करायचा, एवढ्या तीन गोष्टी. आजारी आईवडिलांच्या गोळ्या मोजण्याचे काम मुलांकडे देणारी घरे आहेत. तसे करू नये. आईवडिलांपैकी एकास हा आजार असल्यास मुलास तो होण्याचा संभव साधारण दहात एक मानतात. म्हणजे दहापैकी नऊ मुले सुटतात. आम्ही हे मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘मग माझ्या लग्नाच्या वेळी सांगणार का?’ सांगणार, असे आम्ही म्हणालो. हा लेख म्हणजे त्याचाच आरंभ समजावा.

या आजारावर उघडपणे लिहिणारी माणसे आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवणाऱ्या मनोविज्ञानतज्ज्ञ के रेडफिल्ड जेमिसन यांनी १९९५ साली आपल्याच आजाराचे कथन प्रसिद्ध केले. मुंबईच्या लेखिका अपर्णा पिरामल राजे यांनी २०२२ साली ‘केमिकल खिचडी’ या इंग्रजी पुस्तकात हा आजार, दोन मुले आणि कामधंदा एकत्र कसा सांभाळला ते सांगितले, आणि औषधाइतकेच घरच्या माणसांना व सहकाऱ्यांना उपचाराचा भाग मानले. त्या उद्योजक घराण्यातल्या आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यांच्या हाकेच्या अंतरावर जे डॉक्टर आहेत ते आपल्यापासून एसटीच्या दीड-दोन तासांवर, धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. खानदेशाच्या वाट्याला त्यांतले एकही नाही. रोजंदारीवरच्या बाईचा डॉक्टरकडे जाण्याचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि भाडे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या आजाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्यातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या दोन बाजूंचे गुजरात व मध्य प्रदेश होते. प्रौढांत हजारी तीन असे प्रमाण त्यात आले. दोन हजार प्रौढांच्या गावात सहा. आपण आपापल्या गावातले सहा जण मोजून पाहावेत, आणि त्यांतले किती जण गोळ्या घेतात तेही.

हा आजार बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात प्रथम डोके वर काढतो. म्हणजे आपल्या वसतिगृहाच्या वरच्या वर्गांत आणि शाळा सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. रात्रभर जागून तीन वह्या भरणारा, एकाएकी सर्वांना मोठमोठे बेत ऐकवणारा मुलगा, किंवा महिनाभर जेवणाच्या पंगतीत न दिसणारी मुलगी, यांना आधी ओळखू शकतील ते अधीक्षक आणि गृहपाल. संस्थेने त्यांच्यासाठी वर्षातून एकदा धुळ्याहून मनोविकारतज्ज्ञ बोलवावेत. दहावीच्या परीक्षेच्या काळातही दहाला दिवे बंद करण्याचा जुना नियम मोडू नये. आणि मुलांच्या व मुलींच्या दोन्ही इमारतींत, पाण्याच्या टाकीजवळ जेथे प्रत्येक जण दिवसातून चारदा जातो, तेथे भिंतीवर १४४१६ हा आकडा ठळक रंगवावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली मानस या शासकीय सेवेचा तो क्रमांक. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च आम्ही उभयता देऊ.